छऱ्यांची डबी

आमच्या ताईच्या नवऱ्याला सगळे 'नेमबाज' म्हणतात. म्हणायला सुरुवात त्यांनी स्वतःच केली. कॉलेजात असताना कुठल्याशा स्पर्धेत त्यांना एक कप मिळाला होता, मुठीत मावेल एवढा. तो ताईच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात वरच्या फळीवर असतो, आणि त्यावरची धूळ पुसायची परवानगी ताईलाही नाही. कप नेमबाजीचा आहे की हस्ताक्षराचा हे आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण त्यावरची अक्षरं कधीच उडून गेली आहेत. भावोजी मात्र सांगतात, आणि सांगायला लागले की समोरचा माणूस घड्याळ बघतोय हे त्यांना दिसत नाही. उभा जन्म विम्याच्या कचेरीत खुर्ची झिजवली, निवृत्त झाले, आणि दुसऱ्याच आठवड्यात बंदूक घेऊन घरी आले.

बंदूक म्हणजे तरी काय, छऱ्याची. नळी मधून मोडायची, मसुराएवढा शिशाचा छर्रा आत बसवायचा, नळी सरळ करायची, की झाली तयार. उडवली की 'फट्' होतं. आमच्या पॅकिंगमधल्या बायका रिकामी पिशवी फुगवून फोडतात त्याचा आवाज याहून मोठा येतो. पण ती खांद्यावर आली की भावोजींची चाल बदलायची. आठ-दहा खिशांचं एक जाकीट त्यांनी शिवून घेतलं होतं आणि त्याच्या एका खिशात छऱ्यांची पत्र्याची गोल डबी असायची. चालताना ती खुळखुळायची. आधी डबी यायची, मागून भावोजी. डोक्यावर रुंद काठाची टोपी. या अवतारात ते कोपऱ्यावरून दूध आणायला जात. ताई खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

मी बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंग बघते. बघत होते, असं म्हणायला हवं. भट्टीकडून लांबलचक पट्ट्यावरून बिस्किटं आमच्या शेडमध्ये यायची. आम्ही बायका दोन्ही बाजूंना उभ्या. तुटकी बाजूला काढायची, बाकीची रांगेत लावून यंत्रात सरकवायची, पुडे खोक्यात भरायचे. माझं काम या सगळ्यावर नजर ठेवायचं, आणि त्याशिवाय वर बघायचं. कारण वर कबुतरं होती.

शेडचं छप्पर पत्र्याचं, खाली त्याला आधार देणाऱ्या तिरप्या-आडव्या लोखंडी कैच्या. पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये हवा खेळायला हातभर फट सोडलेली. ती फट ज्याने काढली त्याने कबुतरांच्या सोयीचा विचार केला असणार, कारण हवा कमी आणि कबुतरंच जास्त आत यायची. दिवसभर वर बसून घूं घूं करायची आणि खाली शिटायची. पट्ट्याच्या वर आम्ही प्लॅस्टिकचं कापड ताणलं होतं, ते रोज संध्याकाळी धुवायचं. कापड धुवायची पाळी कुणाची यावरून भांडणं व्हायची. कामाचं ठिकाण आहे, चालायचंच, असं इतकी वर्षं चाललं.

मग एक मोठं गिऱ्हाईक आलं. त्यांची दुकानं सगळीकडे, त्यांना पुडे हवे होते ते आमच्याकडूनच भरून. फक्त आधी त्यांच्या तपासनीस बाई येऊन शेड बघणार. मालकांनी आम्हा सगळ्याजणींना पट्ट्यापाशी गोळा केलं आणि चष्मा काढून, म्हणजे ते गंभीर होतात तेव्हा काढतात तसा, सांगितलं, "हे पाहा, हे काम मिळालं तर पॅकिंग वाढवू. नाही मिळालं तर पॅकिंगच बंद. बिस्किटं सुटी पाठवून देईन माझ्या साडूच्या कारखान्यात, तिथे सगळंच यंत्रावर भरतील. त्या बाईंना एक पक्षी दिसला तरी संपलं."

एवढं स्पष्ट बोलल्याबद्दल मी त्यांचे आभारच मानते. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कुठे पट्ट्यापाशी उभं करतात? माझ्या शेजारी उभी राहणारी, आम्ही तिला 'चिमटा' म्हणतो कारण तुटकं बिस्किट तिच्या बोटांतून कधी सुटत नाही, तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तिने माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला आणि म्हटलं, "साहेब, फटीला जाळी लावली की झालं. बांधकामावर हिरवी जाळी असते ना, तसली. एका दिवसाचं काम."

मालकांना साधा उपाय सुचवला की आपला अपमान झाल्यासारखं वाटतं. "जाळी काय, कुणीही लावेल," ते म्हणाले. कुणीही लावू शकतं आणि अजून कुणी लावली नाही, हे त्यांना विचित्र वाटलं नाही.

दोनच दिवसांनी ताई मला घ्यायला आली. आम्हा दोघींना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तिला सोडायला भावोजी, आणि भावोजींबरोबर जाकीट. शेडच्या दारात उभं राहून त्यांनी वर पाहिलं, एक डोळा मिटला, ओठ आवळले आणि हळूच मान हलवली. नेमके त्याच वेळी मालक तिथून चालले होते.

"काय बघताय?" मालकांनी विचारलं.

"वारा," भावोजी म्हणाले.

बंद शेडमध्ये कसला आलाय वारा! पण मालक तिथेच खिळले. पुढचं सांगायला नको. आम्ही डॉक्टरांकडून परत आलो तेव्हा दोघं मालकांच्या केबिनमध्ये चहा पीत होते आणि टेबलावर शेडचा नकाशा उलगडलेला होता. ताईने कपाळावर हात मारला. "घरात बसून माझं डोकं खात होते, ते परवडलं असतं गं," ती म्हणाली. "आता तुझं खाणार."

मी जाळीचं पुन्हा काढलं. मालक हसले. "तुमच्याच घरात एवढा माणूस आहे आणि तुम्ही जाळ्या कसल्या लावताय? काखेत कळसा आणि गावाला वळसा!" भावोजींनी मिशीवरून हात फिरवला. "मेहुणीबाईंना घरच्या माणसाची किंमत नाही," असं म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तो डोळा मी आजतागायत विसरलेले नाही.

मी एकच अट घातली. पट्टा चालू असताना शेडमध्ये बंदूक उडणार नाही. बिस्किटात शिशाचा छर्रा गेला तर कबुतराची शीट परवडली असं म्हणायची वेळ येईल. तेव्हा ठरलं की जेवणाच्या सुट्टीत पट्टा झाकायचा, सगळ्या बायकांनी बाहेर जायचं, शटर ओढायचं, आणि आत एकटे नेमबाज. ही अट माझी. त्यामुळे आत काय चालतं ते कुणालाच दिसणार नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही बाहेर कठड्यावर डबे उघडून बसलो होतो. आतून एकदा 'फट्' झालं. पंखांचा मोठा फडफडाट झाला, मग शांत. बराच वेळ काहीच नाही. शेवटी शटर वर गेलं आणि भावोजी बाहेर आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तळाशी काहीतरी राखाडी. चेहरा पिठासारखा पांढरा. चिमटा मला कोपरानं ढोसून म्हणाली, "यांना बंदुकीचा धक्का लागला वाटतं." पण मालक धावत आले. त्यांनी पिशवी वर धरायला लावली, फोटो काढला, मोठा करून केबिनच्या भिंतीवर लावला. फोटोत भावोजींचे डोळे मिटलेले आहेत. मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "नेम धरताना डोळा मिटायची सवय आहे त्यांना." दोन्ही डोळे मिटून नेम कसा धरतात, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

त्यानंतर पिशवी पुन्हा कधी दिसली नाही. पिसं मात्र दिसायची. रोज शटर उघडलं की भावोजींच्या टोपीत एक नवं पीस. एक पीस म्हणजे एक कबुतर, असा हिशेब मालकांनी आपणच लावून घेतला आणि भावोजींनी तो खोडला नाही. आमच्या शेडमध्ये झाडू मारला की सुपलीभर पिसं निघतात. झाडूवाल्या बाईने टोप्या घातल्या असत्या तर ती केवढी मोठी शिकारी ठरली असती!

मग भावोजींनी चुऱ्याची मागणी केली. तुटक्या बिस्किटांचा चुरा आमच्याकडे पोत्याने निघतो, तो गुरांच्या खाद्यवाल्याकडे जातो. "आमिष लागतं," भावोजी म्हणाले. "जनावराचा आधी विश्वास बसवावा लागतो. ते गाफील झालं पाहिजे. घाई करणारा तो शिकारी नव्हे, खाटीक." मालकांना हे वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते त्याच दिवशी फोनवर दोघातिघांना ऐकवलं, आपलंच म्हणून. मला हुकूम झाला, यांना लागेल तेवढा चुरा द्यायचा. मी रोज माझ्या हाताने बादली भरून देत होते.

आता कुणालाही विचारा, कबुतरांना रोज वेळेवर बिस्किटं मिळायला लागली तर काय होईल? त्यांनी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांना निरोप धाडले. आधी कैच्यांवर इथे-तिथे बसायची, आता दाटीवाटीने खांद्याला खांदा लावून बसायला लागली. प्लॅस्टिकचं कापड सकाळ-संध्याकाळ धुवावं लागे. कबुतरं चांगली गुबगुबीत झाली. चिमटा म्हणाली, "यांच्यापेक्षा माझा नवरा बरा, नुसता पडून असतो, निदान काही वाढवून तरी ठेवत नाही." आम्ही हसलो खऱ्या, पण तिचं हसणं लवकर थांबलं.

एकदा सुट्टीत माझा चष्मा आत राहिला होता. बाजूच्या लहान दाराने मी आत गेले, आणि तिथेच थबकले. भावोजी खोक्यावर बसले होते. बंदूक मांडीवर आडवी. टोपी काढून शेजारी ठेवलेली. त्यांनी खिशातून छऱ्यांची डबी काढली आणि कानाशी धरून खुळखुळवली. छर्र छर्र. वरून कबुतरं उतरली, एकदोन नव्हे, सगळी. त्यांच्या बुटांपाशी, खोक्यावर, एक तर चक्क गुडघ्यावर. भावोजी बादलीतून चिमूट चिमूट चुरा टाकत होते आणि त्या गुडघ्यावरच्याला काहीतरी सांगत होते. ताईशी इतक्या मऊ आवाजात बोलताना मी त्यांना कधी ऐकलेलं नाही.

"भावोजी, हे काय चाललंय?"

ते एकदम ताठ झाले. कबुतरं उडाली नाहीत, नुसती थोडी बाजूला सरकली. "विश्वास बसवतोय," ते म्हणाले.

"अहो, गुडघ्यावर बसतंय ते! आणखी किती विश्वास बसायचा राहिलाय? मांडीवर निजलं पाहिजे का?"

"मेहुणीबाई, ही शास्त्राची गोष्ट आहे, तुम्हाला नाही कळायची. आता एकदाच सगळी उडवणार."

"आणि त्या बाई आल्या तर?"

"त्या यायच्या आत." त्यांनी टोपी डोक्यावर घातली. टोपी घातली की त्यांच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी तशीच मालकांकडे गेले. जे पाहिलं ते सांगितलं. मालकांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं, भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाले, "घरातल्या माणसाचं कौतुक झालेलं बघवत नाही काही लोकांना." मला इतका राग आला की बाहेर पडताना मी केबिनचं दार आपटलं. त्या दाराची काच अजून हलते म्हणतात.

तपासणीचा दिवस ठरला. आदल्या दिवशी मालक बाहेरगावी होते, ही देवाचीच कृपा. काम सुटल्यावर आम्ही कुणीच घरी गेलो नाही. कारखान्याच्या वेल्डरकडून शिडी घेतली, समोरच्या बांधकामावरून चिमट्याने हिरवी जाळी मागून आणली. सगळ्या दारांमधून, झाडू, पोती, खोक्यांची झाकणं, हाताला येईल ते फडकावत आम्ही कबुतरं हाकलली. मग मी शिडीवर चढले. फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळी तारेने बांधून काढली. खाली बायका पायाशी शिडी धरून, "अगं सांभाळ, अगं सांभाळ," करत होत्या. मग कैच्या पुसल्या, भिंती धुतल्या, कापड नवं ताणलं. उजेड होता तोवर सगळं आटोपलंसुद्धा. जे काम इतके दिवस शास्त्राने होत नव्हतं ते झाडूने झालं.

शेड इतकी शांत मी कधीच ऐकली नव्हती. बाहेर आवारात, भट्टीच्या छपरावर कबुतरं रांगेने बसून आमच्याकडे बघत होती. चिमटा म्हणाली, "आता उद्या तेवढं निभावलं पाहिजे."

मी घरी जाता जाता ताईकडे गेले. भावोजी कपाटासमोर उभे राहून कप पुसत होते. मी हात जोडले. खरोखर जोडले. "भावोजी, उद्या एक दिवस कारखान्यात येऊ नका. तुमचं काम झालं. शेड रिकामी आहे. पाया पडते, उद्या घरी थांबा."

"रिकामी?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला वाटलं, श्रेय गेल्याचं दुःख. "कुठे गेली?"

"बाहेर आहेत. जिवंत आहेत."

त्यांनी मान डोलावली. ताई म्हणाली, "तू काळजी करू नकोस. लागलं तर मी जाकीट भिजत घालते."

ताईने खरंच जाकीट भिजत घातलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण सकाळी मालक आले, त्यांनी शेडमध्ये मान वर करून पाहिलं, एकही कबुतर नाही. जाळीकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. "वा!" ते म्हणाले. "याला म्हणतात नेम!" आणि त्यांनी स्वतः भावोजींना फोन लावला. "या, बाईंना भेटवतो तुम्हाला." मी मध्ये बोलायला गेले तर हातानेच मला गप्प केलं.

तपासनीस बाई आल्या. उंच, शांत, कमी बोलणाऱ्या. टोपी घातली, हात धुतले, बूट झाकून घेतले, कुणी न सांगता. मला त्या पाहताक्षणी आवडल्या. त्यांनी पट्ट्याखाली वाकून पाहिलं. खोक्यांच्या मागे पाहिलं. वर पाहिलं, जाळीवरून नजर फिरवली, आणि मला विचारलं, "ही जाळी कुणी बांधली?"

"आम्हीच," मी म्हटलं.

"चांगली बांधली आहे. कोपरेसुद्धा सोडलेले नाहीत."

सांगते, लग्नात घातलेल्या दागिन्यांनी झाला नसेल एवढा आनंद मला त्या वाक्याने झाला. चिमट्याने खालच्या खाली माझा हात दाबला. बाईंनी पेन उघडलं. एक सही राहिली होती.

"आणि हे केवळ जाळीवर सोडलेलं नाही बरं का," मालक म्हणाले. "आमच्याकडे पक्का बंदोबस्त आहे. स्वतंत्र माणूस आहे." त्यांनी टाळी वाजवली, जादूगार वाजवतात तशी, आणि मोठं शटर वर ओढायला लावलं.

बाहेर भावोजी उभे होते. टोपी, टोपीत सगळी पिसं, खांद्यावर बंदूक, पॉलिश केलेले बूट. ते सलाम ठोकल्यासारखे ताठ झाले आणि पावलं आपटत आत यायला लागले. प्रत्येक पावलाला खिशातली डबी खुळखुळत होती. छर्र. छर्र. छर्र.

मला कळलं. मी "शटर ओढा!" म्हणून ओरडले, पण तोवर भट्टीच्या छपरावरची रांग उठली होती. आदल्या संध्याकाळपासून उपाशी होती बिचारी. आधी आवाज आला, जोराचा पाऊस पत्र्यावर यावा तसा, आणि मग ती भावोजींच्या डोक्यावरून, खांद्यावरून, बगलेतून आत घुसली. पट्ट्यावर उतरली, बिस्किटांत उतरली, ताणलेल्या कापडावर उतरली. राहिलेली भावोजींच्या पायाशी गोळा झाली. एक जाडजूड, छातीवर हिरवी झाक असलेलं, आधी टोपीवर बसलं, पिसांमध्ये त्याला जागा पुरेना, तिथून उडून ते बंदुकीच्या नळीच्या टोकावर जाऊन बसलं. आणि घूं घूं करायला लागलं.

कुणी हसलं नाही. बाईंनी पेनाचं टोपण लावलं.

"मारा!" मालक ओरडले. "अहो बघताय काय? मारा ना!"

भावोजींनी बंदूक हळूहळू खाली केली. कबुतर तोल सावरत नळीवरच बसून राहिलं. आता भावोजी एक एक पाऊल मागे सरकत होते आणि प्रत्येक पावलाला डबी खुळखुळत होती, त्यामुळे आणखी कबुतरं येत होती. बंदुकीच्या तोंडावर बसलेलं कबुतर चुकवायचं म्हटलं तरी कुणाला चुकवता आलं नसतं.

"बाहेरच्या व्यक्ती असताना," भावोजी म्हणाले, "मी बार काढत नाही. नियम आहे माझा."

बाई जाताना माझ्यापाशी क्षणभर थांबल्या. त्यांनी एकदा वर जाळीकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. त्यांचीही नोकरीच होती.

मालकांनी दिलेला शब्द पाळला. चांगला माणूस, फक्त वाईट शब्द पाळतो. पॅकिंग बंद झालं. पट्टा उचकटून साडूच्या कारखान्यात गेला. चिमटा आता लोकांकडे भांडी घासते. तिच्या बोटांतून अजूनही काही सुटत नाही, पण त्याचं आता कुणाला काय? मी घरी आहे, आणि घरी असले की सगळे मला काम सांगतात, पगार मात्र कुणी देत नाही.

माझ्या कपाटाची किल्ली परत करायची राहिली होती, ती द्यायला मी एकदा गेले. मालक म्हणाले, शेडमध्येच ठेवा. शेड भाड्याने द्यायची आहे, पण बघायला येतो तो वर बघतो आणि निघून जातो. म्हणून त्यांनी बंदोबस्ताला माणूस ठेवला होता. कायमचा. मी म्हटलं, कोण? आणि मग विचारायची गरजच राहिली नाही, कारण आतून छर्र छर्र ऐकू आलं.

आमच्या सगळ्याजणींच्या नोकऱ्या गेल्या त्या शेडमध्ये एकाची नोकरी लागली होती.

भावोजी त्याच खोक्यावर बसले होते. पट्ट्याच्या जागी फरशीवर चार खुणा तेवढ्या राहिल्या होत्या. शटर उघडंच होतं, कबुतरं त्यातून ये-जा करत होती. मला पाहून ते उठले. "बरं झालं आलात, मेहुणीबाई. ती हिरवी जाळी तेवढी उतरवून न्या. वरून यायला जनावराला अडचण होते. आत आलीच नाहीत तर मी मारू कुणाला?"

मला हसू येईना, रडू येईना. "भावोजी, खरं सांगा. पहिल्या दिवसानंतर एक तरी मारलंत का?"

त्यांनी वर बोट दाखवलं. कोपऱ्यातल्या कैचीवर एक कबुतर एकटंच बसलं होतं, शेजारची जागा रिकामी. "त्याची जोडीदारीण होती ती," ते म्हणाले. "खाली पडल्यावर लगेच मेली नाही. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं होतं, कप मिळाला तेव्हासारखं असेल. फळीवरचा डबा पाडायचा. तसं नव्हतं. पुन्हा चाप ओढवलाच नाही माझ्याने."

मला वाईट वाटलं. वाटलं म्हणून त्याचाच अधिक राग आला.

"अहो, मग त्यात लाजण्यासारखं काय होतं? दया आली, चांगलंच झालं. तेवढंच जाऊन मालकांना सांगायचं. 'माझ्याने होत नाही, मेहुणी म्हणते तशी जाळी लावा.' एवढंच वाक्य. दुसऱ्या दिवशी जाळी लागली असती. ही कबुतरं जगली असती, आम्हीही जगलो असतो. का नाही सांगितलंत?"

त्यांनी टोपी नीट केली. त्यांना माझा प्रश्नच समजला नव्हता, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

"पण मग," ते म्हणाले, "मला नेमबाज कोण म्हणालं असतं?"

मी किल्ली खोक्यावर ठेवली. जाळीला हात लावला नाही, ती माझ्या हाताने बांधलेली होती. फाटकापर्यंत पोचले तरी मागून डबी खुळखुळत होती.